किमान साठा सहा बाटल्या

सोमवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

खारूचा रिपोर्ट आला. (नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: खारू म्हणजे माझी मुलगी, वय नऊ. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू.) रक्तातली साखर असायला हवी त्यापेक्षा जास्त. आजार नाही, पण आजाराच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ३० मार्चला पुन्हा तपासायची. उतरली नाही तर मोठं हॉस्पिटल आणि घरी रोज सकाळी बोटाला सुई.

घरात प्यायला काय काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चारचौघांच्या घरी असतं तेच. बायको पोस्टाच्या काउंटरवर बसते, तिला याद्या घडाघडा म्हणायची सवय आहे. तिने कोला, ऑरेंज, लिंबाचं ते हिरव्या बाटलीतलं, ज्यूसचे खोके आणि सरबताच्या दोन बाटल्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरात आणूच नका, नसेल तर पिणार कुठून.

बाई भली आहे. पण स्टोअर सांभाळायचा अनुभव शून्य.

जिना उतरताना खारूने विचारलं की परत सुई टोचणार का. रक्त घेताना तिने माझा अंगठा असा आवळला होता की अजून दुखतोय. सांगितलं, फक्त ३० मार्चला एकदा, त्यानंतर कधीच नाही. शब्द दिला आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

संकल्प. आठ आठवडे हातात आहेत. मी वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय. बेअरिंग, सील, नट-बोल्ट मिळून चार हजार वस्तू, आणि एकही वस्तू कधी शून्यावर गेली नाही. ज्या माणसाला चार हजार वस्तू जमतात त्याला एका मुलीचं कोल्ड्रिंक जमणार नाही, हे शक्यच नाही.

एकदम बंद करणं अशास्त्रीय आहे. पोर बाहेर जाऊन चोरून पिईल. त्यापेक्षा नियंत्रण हवं. बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, नको आणूस ना, एवढं साधं आहे. साध्या गोष्टी तिला पटकन पटतात.

बुधवार, ४ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

स्वयंपाकघरातलं डावीकडचं कपाट रिकामं केलं, कागद अंथरला, बाटल्या रांगेत लावल्या. जुन्या पुढे, नव्या मागे. दाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे. प्रत्येक रांगेपुढे कार्ड: नाव, आले, गेले, शिल्लक. रोज संध्याकाळी साडेसहाला एक ग्लास, फक्त स्लिपवर. खारूने सही करायची, मी सही करायची. त्या दिवशी नेलं नाही तर रद्द, दुसऱ्या दिवशी दोन मिळणार नाहीत. शिस्त.

किमान साठा सहा बाटल्या ठरवला. सहाच्या खाली गेलं की मागणी. पाहुणे अचानक टपकले तर?

खारूला सही करायला फार आवडलं. तिने नावाखाली शेपटी काढली.

कपाट लावताना घाम आला होता. कोला अर्धी उरली होती, रांगेत बसत नव्हती, म्हणून संपवली.

रविवार, ८ फेब्रुवारी

पाच दिवस, पाच स्लिपा. एकही चूक नाही. खारू काल समोरच्या सुताराच्या मुलींबरोबर खाली खेळत होती, साडेसहा वाजून गेले तरी पत्ता नाही. गॅलरीतून हाका मारल्या. धावत आली, धापा टाकत ग्लास रिकामा केला, परत पळाली. बायको म्हणाली, तिला आठवणही नव्हती, तू कशाला बोलावलंस. म्हटलं, वेळापत्रक एकदा मोडलं की मोडतच जातं.

बायको म्हणते, आधी ही आठवड्यातून दोन-तीनदा प्यायची, आता रोज पिते. पण आधीची नोंद कुठे आहे? नोंद नसलेल्या वापराशी तुलना करता येत नाही. हे तिला सांगितलं. ती भांडी घासायला गेली आणि जरा जोरातच घासत होती.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.१५

साठा पाच झाला. येताना चार आणल्या. दोनवर एक फुकट होती, पण तीन घेऊन पाचवर ठेवल्या की आठ होतात आणि आठ हा आकडा रांगेत नीट बसत नाही. बायकोने पिशवी बघितली आणि आत गेली.

रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ११

मोजणी केली. तोंडचं पाणी पळालं.

कार्डावर ऑरेंज तीन. कपाटात दोन. पुन्हा मोजलं, कागद उचलून बघितला. दोनच. शिवाय कोलाच्या उघडलेल्या बाटलीत स्लिपांच्या हिशोबाने जेवढी हवी त्यापेक्षा चार बोटं कमी.

कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात. म्हणजे घरातलंच कोणीतरी.

रविवार, संध्याकाळी ७

चौकशी केली. आधी बायको. ती म्हणाली, मी हात लावत नाही त्याला, तुला माहीत आहे. मग खारू. तिला समोर बसवून शांतपणे विचारलं. आवाज थोडा चढला असेल. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, मी नाही घेतली. मी म्हटलं, मग बाटलीला पाय फुटले का? खरं सांग, मी रागावणार नाही. हे सांगताना मी रागावलेलो होतो हे कबूल. खारू रडली. रडत रडत एकच सांगत होती, मी नाही, मी नाही.

बायकोने तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. स्टोअरमध्ये माल कमी पडला की सगळ्यात लहान हात आधी तपासायचे, ही आमच्याकडची पद्धत आहे. पण ती पद्धत बनवणाऱ्याला मुलगी नव्हती बहुधा. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तरी प्रश्न उरतोच की बाटली गेली कुठे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

उपाय: प्रत्येक बाटलीवर पेनाने पातळीची खूण. आज कामावर गिऱ्हाइकाने तीन पंप परत पाठवले, सील गळत होते, दिवसभर डोकं ठणकत होतं. घरी आल्यावर थंड काहीतरी हवंच होतं. खुणा बरोबर आहेत का ते तपासायला एक बाटली उघडली. उघडलेली ठेवली तर गॅस जातो आणि माल खराब होतो. नोंद उद्या करीन.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आमच्या असिस्टंटला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो कोणालाही काहीही शिकवू शकतो. डब्यात भाजी आहे की मासे हे सांगायला माणूस अर्धा तास घेतो. त्याला घरातली अडचण सांगितली, नाव न घेता, एका मित्राची म्हणून. तो म्हणाला, आठवतंय का साहेब, हातमोजे उघड्या रॅकवर होते तेव्हा एकेक कामगार दिवसाला दोन जोड उचलायचा. रॅक काढली, एका जोडीत आठवडा निघायला लागला. कोणी कुरकुरही केली नाही. ज्या वस्तूची गरजच नाही तिचा किमान साठा शून्य करून टाकायचा आणि कार्ड फाडायचं.

मी म्हटलं, हातमोजे वेगळे, मूल वेगळं. तो म्हणाला, मित्राला सांगा. त्याच्या आवाजात काहीतरी होतं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. संध्याकाळी ८

पुन्हा कमी. दीड बाटली.

यावेळी कोणाला विचारलं नाही. खारू माझ्यासमोर आली की हल्ली दोन्ही हात मागे बांधून उभी राहते. हे मला बघवत नाही. कार्डावर "नैसर्गिक घट" असा रकाना वाढवला. आमच्याकडे ऑइल आणि थिनरला दोन टक्के घट धरतात, उडून जातं म्हणून. गोड द्रवाला दहा टक्के धरायला हरकत नाही. आता हिशोब जुळतो. घरात शांतता.

रविवार, १ मार्च

चार आठवडे झाले, चार उरले. पहिल्या आठवड्यानंतर ग्लास कमी करत न्यायचा असं ठरवलं होतं. अजून केला नाही. कारण छोटा ग्लास फुटला आणि मोठ्या ग्लासात थोडंसं ओतलं की फारच केविलवाणं दिसतं. खारूला वाटेल बाबा कंजूस झाला. पुढच्या आठवड्यापासून नक्की.

आज खारू जेवून उठली होती, पोट भरलंय म्हणाली. साडेसहाची स्लिप फाडून ठेवलेली होती. मी म्हटलं, बघ हं, मग रद्द होईल. तिने माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं आणि बसून हळूहळू संपवलं. शहाणी पोर आहे. पद्धत अंगात मुरली.

गुरुवार, ५ मार्च. संध्याकाळी ७

सुताराकडे पाहणी. निमित्त: टेबलाचा पाय डगमगतो. त्याच्या दोन मुली आणि आमची खारू, तिघी जमिनीवर पसरून चित्रं काढत होत्या. तहान लागली तशी सुताराची धाकटी उठली, माठातून तीन ग्लास पाणी आणलं, तिघींनी घटाघटा प्यायलं. खारूनेही. तोंड वाकडं न करता. घरी हीच मुलगी पाणी म्हटलं की म्हणते, नंतर.

सुताराला सहज विचारलं की मुली कोल्ड्रिंक मागत नाहीत का. तो रंधा मारत म्हणाला, घरात असतं कुठे, कुठे गेलो लग्नाबिग्नाला तर पितात. मग घरी आल्यावर हट्ट नाही करत? तो म्हणाला, कशासाठी करतील?

त्याच्या मुलींना उत्साह कमी आहे, एवढंच.

रविवार, ८ मार्च

बायकोशी वाद. तिने विचारलं, साठा किती? सात म्हटलं. महिन्यापूर्वी किती होता? सातच. मग महिनाभर कमी काय केलंस? मी म्हटलं, साठा स्थिर ठेवणं हीच तर स्टोअरकीपरची कसोटी. तिने कार्ड हातात घेतलं. मग म्हणाली, साठा स्थिर राहायला हवा असेल तर कोणीतरी पीत राहायला हवं ना? आणि उठून गेली.

मुद्दा चुकीचा आहे. पण कुठे चुकीचा आहे ते अजून सापडत नाही.

शनिवार, १४ मार्च

मेव्हणा येतो म्हणाला होता. पाहुणा! अखेर! चार बाटल्या जास्तीच्या आणल्या. मेव्हणा आला, म्हणाला, मला गोड चालत नाही, साधं पाणी दे. बायको हसली नाही, पण तोंड फिरवलं.

मेव्हणा गेल्यावर चार बाटल्यांचं काय करायचं हा प्रश्न. दोन मार्गी लावल्या. नोंद करायची राहिली.

रविवार, २२ मार्च. सकाळी १०

आठ दिवस. रात्री जेवण नीट जात नाही. खारूचं नखासारखं बारीक बोट आणि ती सुई डोळ्यांपुढे येते. नर्सने कापूस दाबला तेव्हा खारू ओठ चावून गप्प बसली होती. मी शब्द दिला आहे.

निश्चय: या आठवड्यात ग्लास अर्धा. खारूला सांगितलं. ती म्हणाली, चालेल. मग विचारलं की अर्धा प्यायलं तर स्लिपवर अर्धी सही करायची का. मी विचारात पडलो. अर्ध्याला कार्डावर रकाना नाही. या आठवड्यात पूर्णच राहू दे. तसंही आता शेवटी शेवटी पद्धत बदलून काय उपयोग.

शनिवार, २८ मार्च

साठा पाच झाला होता. परवा तपासणी, निदान आत्ता तरी नको, असं दुकानासमोर उभं राहून स्वतःला सांगितलं. दहा मिनिटं उभा होतो. दुकानदाराने आतूनच विचारलं, नेहमीचं ना? मी हो म्हटलं.

सोमवार, ३० मार्च. सकाळी ९

रक्त दिलं. खारूने माझा अंगठा धरला. नर्सला सांगत होती की ही शेवटची सुई आहे, बाबाने सांगितलंय. नर्स माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही.

रिपोर्ट उद्या. आत्मविश्वास आहे. चोपन्न दिवस, चोपन्न स्लिपा, एकही दिवस चुकला नाही. एवढी शिस्त असलेलं दुसरं घर या गल्लीत नसेल.

मंगळवार, ३१ मार्च. संध्याकाळी ७.३०

वाढली.

रिपोर्ट हातात धरून मी डॉक्टरबाईंना म्हटलं की मशीनमध्ये काही दोष असेल. आम्ही कडक नियंत्रण ठेवलं होतं, सगळी नोंद आहे, कुलूप आहे. त्यांनी खुर्ची पुढे सरकवून खारूलाच विचारलं, तू काय काय पितेस गं.

खारू सांगायला लागली. रोज साडेसहाला एक मोठा ग्लास. रोज? हो, रोज. आधी? आधी आठवण झाली तर. मग आता रोज का?

खारू म्हणाली, बाबा वाट बघतो. कामावरून दमून येतो तरी आधी स्लिप लिहितो. मी नाही प्यायलं तर त्याचा हिशोब चुकतो. काही काही दिवशी मला नकोच असायचं, पोट दुखायचं, तरी मी सगळं संपवायचे. एकदाही चुकवलं नाही.

तक्रार म्हणून नव्हे. माझी बाजू मांडत होती. आपल्या बाबाला आता शाबासकी मिळेल अशा आवाजात.

मग बायकोने, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्या ऑरेंजच्या बाटलीचं विचारलं. ती कोणी घेतली होती ते तुला माहीत होतं का? खारूने मान डोलावली. बाबाने. कपाटापुढे उभं राहून पीत होता, मी दारातून बघितलं. मग तेव्हा सांगितलं का नाहीस? खारू म्हणाली, बाबाला आठवत नव्हतं ना. सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

मला मान वर करता आली नाही. डॉक्टरबाई चिठ्ठी लिहीत होत्या, त्यांच्या पेनाचा आवाज येत होता. मी त्या पोरीला चोर ठरवलं होतं. आणि तिने ते दीड महिना माझ्यासाठी अंगावर घेतलं.

बुधवार, १ एप्रिल. सकाळी ७.१५

साखर मोजायचं यंत्र आणलं. मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळेपर्यंत रोज सकाळी. बायकोला टोचवेना म्हणून मी टोचणार होतो. सुई हातात घेतली आणि मलाही टोचवेना. खारूने स्वतःच बोट पुढे केलं आणि मला म्हणाली, बाबा, तू तिकडे बघ.

दिलेल्या शब्दाबद्दल तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, संध्याकाळी ७

बायकोने कपाटाचं कुलूप काढायला सांगितलं. काढलं. नऊ बाटल्या, तीन खोके, सरबत. तिने एकेक बाटली मोरीत ओतली. खारू स्टुलावर उभी राहून फेस बघत होती, खिदळत होती. मी हळूच म्हटलं, पाहुण्यांसाठी एक तरी. बायकोने तीही ओतली. कार्डं मीच फाडली.

साडेसहा वाजले तेव्हा मी नकळत पेन शोधत होतो. खारू खाली खेळत होती. हाक मारली नाही.

रविवार, ५ एप्रिल. संध्याकाळी ८

घरात पाण्याशिवाय प्यायला काही नसण्याचा चौथा दिवस. मी दिवसभर घरी होतो, खारूवर लक्ष ठेवायला. हट्ट करील, रडेल, सुताराकडे जाऊन मागेल, सगळ्याची तयारी ठेवली होती. काय उत्तर द्यायचं ते कागदावर लिहूनही ठेवलं होतं.

जेवताना बायकोने विचारलं, आज मागितलं का तिने? मी म्हटलं, नाही. एकदाही? एकदाही नाही. तिने तर आठवणसुद्धा काढली नाही.

बायकोने पुढे काही विचारलं नाही, ते बरंच झालं. ते रिकामं कपाट मी आज चार वेळा उघडून बघितलं होतं.